देवूची करवंटी

ज्या दिवशी आमच्या खळ्यावर देवू कातकऱ्याला बांधून मारला, त्या दिवशी मारणाऱ्यांना चहा मी करून दिला. हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगायचं म्हटलं की माणूस आपल्या सोयीनं सांगतो, आणि स्वतःची सोय बघायची मला सवय फार.

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं, त्याच्या आधीची तिसरी दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. कोळवणच्या खोऱ्यात भाताची कापणी अर्ध्यावर आली होती. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला. एका छपराखाली दोन चुली. एक माझ्या थोरल्या दिरांची, हैबतरावांची. दुसरी माझी आणि आमच्या मालकांची, भिवाजींची. मूलबाळ आम्हाला नव्हतं.

माझ्या चुलीवर चहापूड कधी चढली नाही. परसात, न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथं जातं तिथं, गवती चहाचं बेट होतं. त्याचे ठोंब माझ्या आईनं मला लग्नात दिले होते. आईचं गाव मुळशीच्या धरणाखाली गेलं तेव्हा लोकांनी देव आणले, जाती-उखळं आणली, दाराच्या चौकटी आणल्या. आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून हे गवत आणलं. तिचा एक नियम होता, तो मी पाळला. बेटाला लोखंड लावायचं नाही. विळा नाही, कोयता नाही. एकेक पात बुडाशी धरायची, पिळायची आणि ओढायची. हात खालून वर गेला तर पात रेशमासारखी लागते. वरून खाली गेला तर तळहातावर बारीक चिरा पडतात, रक्त येत नाही पण दिवसभर चुरचुरतात. हे माहीत नसलेला माणूस त्या बेटात हात घालून सुखरूप बाहेर येत नाही.

पहाटे उठून मी सात-आठ पाती ओढायची, त्यांची गाठ मारायची, आल्याचा तुकडा ठेचायचा आणि दोन्ही उकळत्या पाण्यात टाकून वर झाकण ठेवायचं. पाणी पिवळसर हिरवं झालं की गूळ. गूळ विरघळला की पातेलं खाली उतरवायचं आणि मगच शेळीचं कोमट दूध. गूळ आणि दूध चुलीवर एकत्र उकळलं तर चहा फाटतो. पलीकडच्या चुलीवर मात्र पौडाहून आणलेल्या पुड्याचा लालभडक चहा व्हायचा. हैबतराव माझ्या चहाला बैलाचं गवत म्हणायचे. वीस वर्षांत त्यांनी त्या बेटाच्या जवळ पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही.

देवू ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतला. लावणी-कापणीला तो आणि त्याची बायको सखू आमच्याकडं यायची. एरवीही मध, खेकडे, शिकेकाई घेऊन त्याची फेरी असायची. आला की त्याला चहा मिळायचा, बिनदुधाचा, कुंपणाबाहेर. त्याची करवंटी कुंपणाच्या मेढीला सुतळीनं टांगलेली असायची. तो ती काढून पुढं धरायचा, मी वरून ओतायची, पिऊन झालं की तो ओढ्यावर धुऊन पुन्हा टांगायचा. बारा वर्षांत ती करवंटी ना आमच्या घरात आली, ना त्याच्या घरी गेली. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपण कातकऱ्याला चहा देतो म्हणजे आपण मनानं मोठ्या, असंच मी समजत होते.

आता भांडणाचं. हैबतरावांना वरचा माळ पुण्याच्या एका डॉक्टराला द्यायचा होता. त्या डॉक्टराला तिथं डोंगराकडं तोंड करून बंगला बांधायचा होता. माळ दोघा भावांच्या नावावर, आणि मालक अंगठा द्यायला तयार नव्हते. "तितं आपली गुरं चरत्यात," एवढं एकच ते बोलायचे. दिवाळी पाडव्याच्या दिवशी ओसरीवर हैबतरावांनी त्यांच्या तोंडावर अडकित्ता फेकला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. "एक दिस तुला हितंच गाडीन," हैबतराव म्हणाले. सगळ्या आळीनं ते ऐकलं. ऐकून सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

पाडव्यानंतर आठ दिवसांनी, धुकं होतं त्या सकाळी, चुलीवर पाणी उकळत होतं आणि मी आलं ठेचत होते. मालक म्हणाले, "पाती मी आनतो, तू बस," आणि मागच्या दारानं गेले. थोड्या वेळानं परसातून ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला. मग आणखी एक. मी हातातला बत्ता तसाच घेऊन धावले.

मालक बेटात पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू फुटली होती आणि केस आत गेले होते. थंडीत त्या रक्तातून वाफ निघत होती. पाती मोडून, चेंगरून गेल्या होत्या. त्यांचा वास एवढा उठला होता की रक्ताचा वास येत नव्हता. मी त्यांना उताणं केलं तेव्हा घशात घरघर होत होती, म्हणजे जीव होता. आणि त्यांच्या खांद्याशी, दोन तुकडे होऊन, सुतळीसकट, देवूची करवंटी पडली होती.

मी ओरडले, "देव्याची करवंटी. देव्यानं मारलं यास्नी."

बोलणं एवढंच झालं. एका दमात झालं. पाडव्याचा अडकित्ता मला आठवला नाही, असं मी म्हणणार नाही. आठवला असेल. पण ज्याच्या छपराखाली राहायचं त्याचं नाव जिभेवर येत नाही, आणि कातकऱ्याचं नाव कसं सहज येतं, ते त्या दिवशी मला कळलं.

हैबतराव लगेच आले. अंगावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. ते मोरीच्या दगडापाशीच थांबले, पुढं आले नाहीत. "रगात मला बघवत न्हाई," म्हणाले. मग विचारलं, "करवंटी कुनाची म्हनलीस?"

थोरल्या दिरापुढं आम्ही तोंड वर करत नाही. पदर पुढं ओढायचा, नजर खाली ठेवायची, आणि बोलायचं ते भिंतीशी बोलल्यासारखं. वीस वर्षं मी त्यांचे फक्त पाय आणि हात बघत आले होते. तोंड कसं आहे ते मला नीट सांगता आलं नसतं. मी खाली बघूनच म्हटलं, "देव्याची."

त्यांनी शेजारच्या गेणबाला हाक मारली, बहिरूला हाक मारली. ते दोघं आणि आणखी तिघं गडी कोयते आणि दोर घेऊन ओढ्याकडं पळाले. इकडं मी आणि जाऊबाई तुळजाबाईनं मिळून मालकांना आत ओढत नेलं. तुळजाबाईनं जखमेत मूठभर हळद दाबली. मी दारातून म्हटलं, "गाडी जुपा. पौडाला दवाखान्यात न्या यास्नी."

"आदी त्यो देव्या, मंग गाडी," हैबतराव म्हणाले. "बैलं रानात हायेत."

बैल गोठ्यात होते. मला गोठ्यातून त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता, तरी मी काही बोलले नाही.

देवूला आणला तो ओढतच. दोर कमरेला होता आणि तो पाठीवर घासत येत होता. खळ्याच्या मधोमध मळणीचे बैल बांधायचा खांब असतो, तिवडा. त्याला देवूला उलटे हात करून बांधला. पहिला फटका बहिरूनं मारला, कासऱ्यानं. मग गेणबानं बैलाला मारायची काठी घेतली. कुणी काही विचारत नव्हतं. विचारायचं काय, करवंटी सापडली होती. देवू सुरुवातीला ओरडत होता, "मी न्हवं, मी न्हवं." काठी गुडघ्यावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि त्यानंतर तो नुसता कण्हत राहिला.

मीही खळ्यावर गेले. खोटं कशाला बोलू, मला ते बघायचं होतं. माझा नवरा आत डोकं फुटून पडला होता आणि माझ्या अंगात नुसती आग होती. देवूनं मला बघितलं. त्याचा एक डोळा मिटून गेला होता. तो म्हणाला, "बाय, तुमी तरी सांगा. मी आज आलोच न्हाई चहाला."

मी पुढं जाऊन त्याच्या तोंडावर थुंकले. गडी खूश झाले. बहिरूला त्यामुळं आणखी जोर चढला.

तेवढ्यात सखू धावत आली. तिच्या डोक्यावर विणलेली टोपली होती. कुणी तिला धरायच्या आत तिनं ती टोपली खळ्यावर पालथी केली. चाळीस-पन्नास खेकडे, काळे, ओले, जिवंत. ते सगळीकडं पांगले, गड्यांच्या पायांतून, पेंढ्यांखालून. "ह्ये बगा," ती म्हणाली. "पहाटेपासनं आमी दोघं वढ्यात व्हतो. ह्ये काय एका घटकंत धरल्यालं हायेत? त्याच्या बोटाला खेकड्यानं धरलंय, बगा तरी."

कुणी बघितलं नाही. बहिरूनं एक खेकडा टाचेखाली चिरडला आणि सखूच्या पोटात लाथ घातली. ती पेंढ्यांवर जाऊन पडली. उठली ती हात जोडूनच उठली. मला तिचा राग आला. नवरा मेला तर कळेल तुला, असंही माझ्या मनात आलं. असलं माझं मन होतं.

ऊन कासराभर वर आलं. माणसं मारून दमतात, हे बघायला विचित्र वाटतं, पण दमतात. गेणबा काठी टाकून खाली बसला आणि कपाळ पुसायला लागला. हैबतराव पेंढ्यांच्या रचीवर बसले होते. त्यांनी स्वतः एकही फटका मारला नव्हता, नुसती घोंगडी लपेटून बसून सांगत होते. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "सारजा, चा टाक. मानसं दमल्यात."

मी घरात गेले. मालकांची घरघर चालू होती. तुळजाबाई उशाशी बसून होती. बेटाकडं जायचं माझ्यानं होईना, त्यात त्यांचं रक्त होतं. तुळजाबाईनं आपला चहाचा पुडा माझ्यापुढं सरकवला. "ह्योच टाक," ती म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

माझ्या चुलीवर पहिल्यांदा पुड्याचा चहा झाला. लक्ष मालकांच्या घरघरीकडं होतं. गूळ आणि दूध मी एकदमच टाकलं आणि चहा फाटला. तसाच फाटका चहा किटलीत ओतला आणि कपबशा घेऊन खळ्यावर गेले. देवूचं डोकं छातीवर पडलं होतं. ओठांतून लाळ आणि रक्त एकत्र गळत होतं. एक खेकडा त्याच्या पायाशी बसून होता.

"बिघाडला की गं," गेणबा एक घोट घेऊन म्हणाला. "गूळ-दूद एकदमच टाकलंस व्हय?"

तीन हात अंतरावर माणूस मरत होता आणि गेणबाला चहा फाटल्याचं वाईट वाटत होतं. मला मात्र तेव्हा गेणबाचं बोलणं लागलं, चहा माझ्या हातून कधी फाटत नाही म्हणून. मी पदर ओढून हैबतरावांपुढं वाकले आणि बशी पुढं केली.

तेव्हा मला वास आला.

माझ्या चहाचा वास. कच्चा, चेंगरलेल्या पातीचा. किटलीत तर पुड्याचा चहा होता. मला वाटलं, माझ्याच लुगड्याला येत असेल. पण मघाशी मालकांना उचलताना माखलेलं लुगडं मी बदललं होतं, आणि हा वास माझ्या अंगाचा नव्हता, पुढून येत होता. दवानं भिजलेल्या लोकरीतून येत होता. घोंगडीतून.

बशी घ्यायला हैबतरावांनी हात पुढं केला. मी खाली बघत होते, म्हणून मला हातच दिसला. तळहातावर, मनगटावर, कोपरापर्यंत बारीक लाल चिरा. दुसऱ्या हातावरही तशाच. गरम बशी लागली तसा त्यांनी हात आखडला. त्या चिरा वीस वर्षांपूर्वी माझ्या हातावर होत्या, आईनं शिकवायच्या आधी. वरून खाली पाती ओढल्या की पडतात. म्हणजे हे बेटात बसले होते. लपायला पाती ओढून अंगावर घेतल्या होत्या. मोरीच्या दगडापुढं न आलेला माणूस त्याआधीच बेटातून येऊन गेला होता.

आणि मग करवंटी. करवंटी देवूकडं कधी नव्हतीच. ती आमच्याच कुंपणाला टांगलेली असायची, रात्रंदिवस. जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीही ती काढावी. आपण त्या माणसाला ती घरी नेऊ दिली नाही, आपल्या दारात टांगून ठेवली, आणि ती सापडली तेव्हा तोच आला असं म्हटलं. मी म्हटलं. देवूला तिवड्याला माझ्या जिभेनं बांधलं होतं.

मी तोंड वर केलं. हैबतरावांचं तोंड मी पहिल्यांदा सरळ बघितलं. साधंच होतं. थोडं घामेजलेलं.

"भावजी, हात दावा," मी म्हणाले.

भावजयीनं थोरल्या दिराला तोंड वर करून बोललेलं तिथल्या कुणी बघितलं नव्हतं.

"काय म्हनली ही?" ते गड्यांना म्हणाले.

"त्यांच्या हातावर बगा समद्यांनी. माझ्या चहाच्या पातीनं चिरल्यात. घोंगडीचा वास घ्या. देव्या न्हवता बेटात. ह्ये व्हते. सोडा त्याला, मरतोय त्यो. मी चुकले. मी खोटं बोलले."

"भात कापताना चिरल्यात हात," हैबतराव म्हणाले. "नवरा पडलाय म्हनून डोस्कं फिरलंय तिचं. आत न्या तिला."

"तुमी कवा इळा धरला?" मी म्हणाले. "ह्या गेणबाला इचारा, त्येनं तरी कवा बघितलाय का तुमच्या हातात इळा."

गेणबानं कप खाली ठेवला. तो हैबतरावांच्या हातांकडं बघायला लागला. बहिरूही बघायला लागला. हैबतरावांना ते बघणं कळलं आणि ते उठले. पेंढ्यांच्या रचीला कुऱ्हाड टेकवलेली होती, ती त्यांनी उचलली. "बोलत बसल्याती," म्हणाले. "ह्याला मोकळाच करतो आता, म्हंजी मिटंल."

ते देवूकडं निघाले. सखू त्याच्या पायांना मिठी मारून बसली होती. मी मधे गेले. ते थांबतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कुऱ्हाड उलटी धरून तुंब्यानं मारलं, डोक्यावरच येत होतं, मी डावा हात आडवा घातला. कोपराखाली हात मोडला. हाड कातड्यातून बाहेर आलेलं मला दिसलं, पण दुखलं नाही, ते नंतर दुखलं. उजव्या हातात किटली होती. झाकण उडालेलं होतं. मी ती त्यांच्या तोंडावर उपडी केली.

ते डुकरासारखे ओरडले. कुऱ्हाड पडली. तोंडाची कातडी त्यांच्याच हाताला चिकटून आली. घोंगडीतून गरम चहा आत उतरत होता म्हणून त्यांनी ती ओरबाडून फेकली. गेणबानं घोंगडी उचलली. नाकाशी नेली. मग ती उलटी केली. लोकरीत हिरव्या पातींचे तुकडे अडकले होते, आणि कडेला विताएवढा रक्ताचा डाग होता, अजून ओला. गेणबानं ती बहिरूकडं दिली, बहिरूनं पुढच्याकडं. सगळ्यांनी वास घेतला.

आणि मग त्यांनी हैबतरावांना मारायला सुरुवात केली. तेच कासरे, त्याच काठ्या. मघाशी दमलेल्या माणसांच्या अंगात नवं बळ आलं होतं. आपल्या हातून झालेलं त्यांना त्याच हातांनी पुसायचं होतं. बहिरू तर रडत रडत मारत होता. मी ओरडत होते, "त्याला नगा मारू, देव्याला सोडा," पण कुणाला ऐकू जात नव्हतं. शेवटी सखूनंच दातांनी दोराची गाठ सोडवली. देवू तिच्या अंगावर कोसळला.

गाडी आता लगेच जुंपली गेली. मालकांना आणि देवूला शेजारी शेजारी निजवलं. बारा वर्षांत देवू आमच्या गाडीत कधी बसला नव्हता, बैलांमागून चालत यायचा. मालकांचं डोकं माझ्या मांडीवर, देवूचं सखूच्या. गाडीला हिसका बसला की माझ्या मोडक्या हातातून कळ डोक्यापर्यंत जायची आणि मला ती हवीशी वाटायची. वळकी नदीच्या उतारावर चाकं पाण्यात गेली तेव्हा देवूनं डोळा उघडला. पाणी ओलांडून गाडी वर चढेपर्यंत तो गेला होता. सखूनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली नाही. तिनं त्याचं खेकड्यानं धरलेलं बोट आपल्या मुठीत धरलं आणि पौड येईपर्यंत सोडलं नाही.

मालक वाचले. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यांना अजून मी चमच्यानं पाजते.

तिसऱ्या दिवशी पौडाहून फौजदार येणार होते. आदल्या संध्याकाळी गावातली जाणती माणसं माझ्या ओसरीवर बसली. त्यांचं ठरलं होतं. देवू मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडला. भिवाजी न्हाणीत घसरला. हैबतरावांच्या अंगावर चुलीवरचं आधण सांडलं. हैबतरावांचं नाव निघालं तर देवूचं निघतं, आणि देवूचं निघालं तर सहा घरांतले कर्ते पुरुष आत जातात. सगळे एकमेकांना असे बांधले गेले होते. बदल्यात हैबतराव माळाचं नाव काढणार नव्हते. तुळजाबाईनं माझे पाय धरले. "माझं कुकू राख, सारजा," ती म्हणाली. मी गप्प बसले. त्यांना वाटलं, मी कबूल झाले.

मलाही तसंच वाटलं होतं. रात्रभर मी स्वतःला तेच समजावलं. छप्पर, जमीन, आजारी नवरा, सगळी कारणं होती, आणि चांगली होती.

सकाळी फौजदार ओसरीवर बसले. गाव अंगणात. सखूला बोलावलं होतं, ती कुंपणाबाहेर उभी होती, रिकाम्या मेढीला धरून. मी एका हातानं चहा केला, गवती चहाचा. बेटाच्या ज्या बाजूला रक्त नव्हतं तिकडच्या पाती घेतल्या. फौजदारांनी घोट घेतला, चांगला झालाय म्हणाले आणि कागद काढला. गेणबानं कड्याचं सांगितलं. बहिरूनं मान हलवली. ते लिहून घेत होते. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मग या देवूला कोणी मारलं बिरलं नाही ना? कोणी त्याचं नाव घेतलं होतं, असं वाडीतले लोक म्हणतात."

सखू माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, मी काय बोलते ते आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी.

"मी घेतलं," मी म्हणाले. "त्येचं नाव मी घेतलं, आनि ते खोटं व्हतं. पयलं माझं नाव लिवा. मंग हैबतरावाचं. बाकीच्यांची सांगते, लिवा तुमी."

मी सगळी नावं सांगितली. थुंकल्याचंही सांगितलं. तुळजाबाई उठून आत गेली आणि तिनं आपल्या बाजूचं दार लावून घेतलं. ते दार माझ्यासाठी पुन्हा उघडलं नाही.

खटला पुण्याला चालला. हैबतरावांना जन्मठेप झाली, गेणबाला आणि बहिरूला काही वर्षं, बाकीचे तिघं सुटले. मला काही झालं नाही. सरकारी वकिलानं मला साक्षीदार केलं आणि कोर्टात माझं कौतुक केलं. माझ्या ओरडण्याला कायद्यात कलम नसावं.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा केला. नेहमीसारखा केला, गूळ आधी, दूध खाली उतरवल्यावर. घरातला पितळी पेला घासूनपुसून घेतला, ज्यातून मालक प्यायचे तो, आणि चहा भरून, वर पान झाकून, ओढा ओलांडून कातकरवाडीत गेले. सखू झोपडीच्या दारात टोपली विणत होती. मी पेला दोन्ही हातांनी पुढं धरला. मोडलेला हात अजून सरळ होत नव्हता, त्यामुळं पेला तिरका झाला.

सखूनं विणणं थांबवलं नाही. तिनं पेल्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"तुमच्या हातचं आमी घेत न्हाई, बाय," ती म्हणाली.

रागानं म्हणाली नाही. आम्ही त्यांना म्हणत आलो तसं म्हणाली, घरातली रीत सांगावी तसं. मी पेला तसाच पुढं धरून ठेवला. चहा निवला. मग मी ओढ्यावर आले, चहा पाण्यात ओतला, पेला वाळूनं घासून धुतला आणि घरी गेले.